१९६७ चे अल्बम पहिल्यांदा ऐकताय? मग या क्रमाने जा

गेल्या चार वर्षांत मी १९६७ या एकाच सालात निघालेले साठेक अल्बम ऐकले. त्यातलं पहिलं वर्ष जवळजवळ वाया गेलं. ‘सर्वोत्तम शंभर’ छापाच्या एखाद्या यादीतून नाव उचलायचं, फोनवर दोन गाणी ऐकायची, तिसऱ्याला कंटाळायचं आणि पुढच्या नावाकडे वळायचं, असं चाललं होतं. आमच्या घरात नाट्यसंगीत, भावगीतं आणि सकाळच्या रेडिओवरचं शास्त्रीय गायन. रॉक म्हणजे गोंगाट, एवढीच समजूत. मग एका पावसाळ्यात तापाने आठवडाभर घरी पडून होतो. उठून गाणं बदलायचंही त्राण नव्हतं, म्हणून एक अल्बम पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत तसाच वाजत राहिला. त्या दिवशी कळलं, की तोवर मी नाटकाला जाऊन फक्त तिसरा प्रवेश बघून घरी येत होतो.

हे सालच का? त्याआधी बहुतेक एलपी (दोन्ही बाजूंनी वाजणाऱ्या मोठ्या तबकड्या) म्हणजे एक-दोन गाजलेली गाणी आणि बाकी भरती. अपवाद होते, पण थोडे. १९६७ मध्ये मात्र लंडन, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि हो, मुंबईतसुद्धा, कलाकारांनी एलपीच्या दोन बाजू ही एक अखंड वस्तू म्हणून रचायला घेतली. कुठलं गाणं कशानंतर यावं, बाजू कुठे संपावी, कव्हरवर काय असावं, सगळ्याचा विचार केलेला. त्यामुळे हे अल्बम सुटी गाणी म्हणून ऐकले तर अर्धेच हाती लागतात. उरलेलं अर्धं कसं मिळवायचं ते खाली लिहितो.

सुरुवातीला काय काय लागेल

- कुठल्याही एका गाण्यांच्या ॲपचं बिनजाहिरातीचं खातं. जाहिरात मध्ये आली की बाजूचा सगळा बांध तुटतो.
- दोन साधे स्पीकर. हेडफोन असतील तर तेही ठेवा, पण फक्त त्यांच्यावर विसंबू नका. कारण पायरी ३ मध्ये आहे.
- एक वही.
- आठवड्यातून एकदा सलग पाऊण तास, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.
- रेकॉर्ड प्लेयर असला तर उत्तम, नसला तर अजिबात अडत नाही. तो विकत घेण्याची घाई करू नका. मी केली होती.

ॲप उघडल्यावर आधी तीन गोष्टी बंद करा: शफल, ऑटोप्ले आणि क्रॉसफेड. क्रॉसफेड म्हणजे एक गाणं संपताना दुसरं त्यावर हळूच चढवण्याची सोय. या सालातल्या अल्बममध्ये दोन गाण्यांमधली शांतता किंवा जोड मोजूनमापून केलेली असते. ॲपने त्यात हात घातला की सगळं बिघडतं.

## १. यादी सातच नावांची ठेवा

शंभरांच्या यादीने मी वर्षभर भटकलो. तुम्ही पहिल्या फेरीला हे सातच घ्या:

- ‘कॉल ऑफ द व्हॅली’ : शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, ब्रिजभूषण काब्रा
- ‘द डोअर्स’ : द डोअर्स (जानेवारी)
- ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन द वे आय लव्ह यू’ : अरेथा फ्रँकलिन (मार्च)
- ‘द वेल्वेट अंडरग्राउंड अँड निको’ (मार्च)
- ‘आर यू एक्सपीरियन्स्ड’ : जिमी हेंड्रिक्स एक्सपीरियन्स (मे)
- ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ : बीटल्स (मे अखेर)
- ‘द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन’ : पिंक फ्लॉइड (ऑगस्ट)

एका आठवड्याला एक, म्हणजे दोन महिन्यांच्या आत फेरी पूर्ण होते. एखादा अल्बम पहिल्यांदा आवडला नाही तर त्याच आठवड्यात पुन्हा लावा, पण पुढच्याकडे पळू नका.

## २. पहिला अल्बम मुंबईतला घ्या

बहुतेक याद्या ‘सार्जंट पेपर’पासून सुरू होतात. मराठी कानाला मी वेगळं सुचवतो. पहिल्या आठवड्यात ‘कॉल ऑफ द व्हॅली’ लावा.

हा अल्बम एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीने काढला आणि त्यामागे होते जी. एन. जोशी. ‘रानारानांत गेली बाई शीळ’ गाऊन घराघरांत पोचलेले भावगीत गायक ते हेच. एचएमव्हीच्या मुंबई शाखेत ध्वनिमुद्रणाची जबाबदारी त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळली. भावगीताच्या माणसाने वाद्यसंगीताची अशी एलपी घडवावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. कारण त्या रेकॉर्डची रचनाही एखाद्या गीतासारखीच आहे: काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस.

वाद्यं बघा. संतूर तेव्हा शास्त्रीय मैफलीत नवीन होतं आणि ते तिथे चालेल का याविषयी जाणकारांना शंका होत्या. बासरीवर चौरसिया. काब्रा गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून धातूची कांडी सरकवून मींड काढायचे. तबल्यावर माणिकराव पोपटकर. तिघे मुख्य वादक तिशीच्या आसपासचे. पहाटेला अहिर भैरव, मग नट भैरव, पुढे पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. रागांच्या वेळा आपल्याला लहानपणापासून थोड्याफार ठाऊक असतात, त्यामुळे अल्बम म्हणजे काय हे इथे न सांगताच उमगतं. पहिला राग दुसऱ्याला जागा करून देतो आणि रेकॉर्ड उलटताना दिवसही कलतो.

ऐकताना एकच करा. संतुरावर सूर ठोकला जातो आणि विरतो. गिटारवर तोच सूर सरकत पुढच्या सुरापर्यंत जातो, बासरीवर तो श्वासाएवढा टिकतो. एकच राग तीन वाद्यांकडून तीन प्रकारे कसा बोलतो, ते पिलूमध्ये कान देऊन ऐका. ही सवय पुढे सगळीकडे कामी येते. हेंड्रिक्सची गिटार ऐकताना तर नक्कीच.

## ३. मोनो की स्टिरिओ, हे आधी ठरवा

नवख्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

१९६७ मध्ये बहुतेक घरांत एकच स्पीकर असलेला प्लेयर होता. त्यामुळे अनेक अल्बम दोनदा तयार व्हायचे. एकदा मोनो, म्हणजे सगळा आवाज एकत्र, आणि एकदा स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा वेगळा. ब्रिटनमध्ये तरी खरी मेहनत मोनोवर घेतली जायची. ‘सार्जंट पेपर’चं मोनो मिश्रण बीटल्स स्वतः हजर राहून, निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनी अभियंता जेफ एमरिक यांच्यासोबत बसून पक्कं करत. स्टिरिओ नंतर, त्यांच्या गैरहजेरीत, थोड्या वेळात उरकलेलं.

फरक किती? ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोमध्ये जलद आहे आणि जवळजवळ एका अर्ध्या सुराने वर आहे. आपल्या भाषेत, पट्टीच बदललेली. माझ्याकडे पेटी आहे. मी दोन्ही लावून सूर जुळवून पाहिले. स्टिरिओवरून वाजवायला शिकलेलं मोनोवर बेसूर लागत होतं. आधी मला वाटलं पेटीच उतरली. दोन संध्याकाळी त्यात गेल्या, मग खरं कारण कळलं.

दुसरी अडचण हेडफोनची. त्या काळच्या स्टिरिओत कधी सगळे ड्रम एका कानात आणि गाणारा दुसऱ्या कानात, असं सरळ वाटप केलेलं असतं. खोलीत स्पीकरवर ते मिसळून जातं, हेडफोनमध्ये मात्र डोकं दुभंगल्यासारखं होतं. अनेक जण याच कारणाने ‘जुनं रेकॉर्डिंग वाईट आहे’ म्हणून सोडून देतात. रेकॉर्डिंग वाईट नाही, ते स्पीकरसाठी केलेलं आहे.

माझा सल्ला:

- ‘सार्जंट पेपर’, ‘पायपर’ : शक्य झाल्यास मोनो. ‘पेपर’च्या २०१७ च्या मोठ्या संचात आणि ‘पायपर’च्या २००७ च्या आवृत्तीत मोनो मिश्रण आहे.
- ‘आर यू एक्सपीरियन्स्ड’ : ब्रिटनमध्ये मूळ एलपी मोनोतच निघाली होती. स्टिरिओही ऐकण्यासारखी आहे, पण दुसऱ्या खेपेला.
- ‘द डोअर्स’ आणि ‘कॉल ऑफ द व्हॅली’ : बिनदिक्कत स्टिरिओ.

आणखी दोन शब्दांचा घोळ सोडवून ठेवा. रीमास्टर म्हणजे तेच जुनं मिश्रण, फक्त टेप नव्याने उतरवून, साफ करून दिलेलं. रीमिक्स म्हणजे मूळ सुटे ट्रॅक (वेगवेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित केलेले आवाज आणि वाद्यं) पुन्हा घेऊन नव्याने केलेली मिसळण. ‘सार्जंट पेपर’चं २०१७ चं काम जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांनी केलेलं रीमिक्स आहे. आजच्या कानाला ते सुखद वाटतं आणि मलाही आवडतं. पण ते १९६७ नाही, एवढं ध्यानात असू द्या.

## ४. ब्रिटिश यादी की अमेरिकन, तेही तपासा

एकाच नावाच्या अल्बममध्ये देशागणिक वेगळी गाणी असायची. नाव तेच, आत भलतंच.

हेंड्रिक्सचं उदाहरण घ्या. मे १९६७ च्या ब्रिटिश एलपीवर ‘पर्पल हेझ’, ‘हे जो’ आणि ‘द विंड क्राइज मेरी’ नाहीत, कारण ती आधीच सुटी निघाली होती आणि लोकांना तेच पुन्हा विकत घ्यायला लावू नये असा तिथला रिवाज होता. ऑगस्टच्या अमेरिकन एलपीवर ती तिन्ही आहेत आणि त्यांच्या बदल्यात ‘रेड हाउस’सह तीन गाणी गायब. ‘पायपर’चंही तसंच. अमेरिकेत ‘सी एमिली प्ले’ घातलं आणि ‘ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी’, ‘फ्लेमिंग’ आणि ‘बाइक’ काढून टाकली. ‘ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी’ने सुरू न होणारा ‘पायपर’ म्हणजे नांदीशिवाय संगीत नाटक.

ॲपवर आणखी एक सापळा आहे. अल्बम संपल्यावर शेपटासारखी जोडलेली जादा गाणी. हेंड्रिक्सच्या आजच्या आवृत्तीत सतरा गाणी असतात. मूळ एलपी अकरा गाण्यांची. ‘आर यू एक्सपीरियन्स्ड’ हे नावाचंच गाणं शेवटचं. ते संपल्यावर शांतता हवी. तिथे ॲप लगेच पुढचं वाजवायला लागतं.

उपाय सोपा आहे. मूळ क्रम शोधा, त्याच क्रमाने स्वतःची प्लेलिस्ट बनवा आणि बाजू एक, बाजू दोन अशा दोन वेगळ्या प्लेलिस्ट ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

## ५. एका बैठकीत एक बाजू, मग उठा

बाजू म्हणजे साधारण वीस मिनिटं. ती संपली की उठायचं, पाणी प्यायचं, दोन-तीन मिनिटं काही ऐकायचं नाही. मग दुसरी बाजू.

हा नुसता सोवळेपणा नाही. रचनाच तशी आहे. ‘द डोअर्स’ची पहिली बाजू ‘लाइट माय फायर’ने संपते. सात मिनिटांचं गाणं, मध्ये ऑर्गन आणि गिटारचा मोठा विस्तार. दुसरी बाजू संपते ‘द एंड’ने, साडेअकरा मिनिटांच्या. दोन्ही मोठे डोंगर बाजूंच्या टोकाला ठेवलेत, म्हणजे चढून झाल्यावर थांबायला जागा मिळावी. ‘लाइट माय फायर’ रेडिओसाठी कापून तीन मिनिटांच्या आत आणलं होतं, ते कापलेलं रूप जुलैमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तुम्ही अख्खंच ऐका.

‘पेपर’मध्ये दुसरी बाजू उघडते ती जॉर्ज हॅरिसनच्या ‘विदिन यू विदाउट यू’ने. पाश्चात्त्य श्रोते हे गाणं सर्रास ओलांडून पुढे जातात. आपल्याला तसं करायचं कारण नाही. लंडनमधल्या भारतीय वादकांना घेऊन केलेलं हे गाणं आहे. दिलरुबा, तबला, तंबोरा, स्वरमंडळ आणि स्वतः हॅरिसनची सतार, त्यावर जॉर्ज मार्टिन यांनी बसवलेली व्हायोलिनं. सूर खमाज थाटाच्या अंगाने जातात आणि मधल्या वाद्यांच्या भागात सोळा मात्रांची चाल सोडून ताल दहाच्या वळणावर येतो. मी पहिल्यांदा हाताने टाळी धरून मोजलं तेव्हा झपताल सापडला आणि अंगावर काटा आला. मध्ये काही मिनिटांचा अवकाश ठेवून दुसरी बाजू सुरू केली, तरच हा तंबोरा दार उघडल्यासारखा ऐकू येतो.

## ६. आता एकेक अल्बम, कशाकडे कान द्यायचा ते

द डोअर्स. या चौघांत बास गिटार वाजवणारा नाही. रे मँझारेक उजव्या हाताने ऑर्गन वाजवायचा आणि डाव्या हाताने वेगळ्या छोट्या कीबोर्डवर बास. पहिल्या खेपेला फक्त तो डावा हात ऐका.

अरेथा फ्रँकलिन. शीर्षकगीत २४ जानेवारी १९६७ रोजी अलाबामातल्या मसल शोल्स या लहानशा गावातल्या फेम स्टुडिओत झालं. त्याच दिवशी तिथे भांडण पेटलं आणि बाकीचा अल्बम न्यूयॉर्कला पुरा करावा लागला. ‘रिस्पेक्ट’ मुळात ओटिस रेडिंगचं, १९६५ चं. त्यात घरी परतणारा पुरुष बायकोकडे मान मागतो. अरेथाने तेच शब्द बाईच्या तोंडी दिले, त्या शब्दाची एकेक अक्षरं फोड करून म्हटली आणि गाण्याचा मालकच बदलला. आधी रेडिंगचं ऐका, लगेच अरेथाचं. दोन गायकांच्या एकाच बंदिशीची तुलना आपण नेहमीच करतो, इथेही तशीच करा. या यादीतला हा सगळ्यात सोपा आणि मला सगळ्यात प्रिय अल्बम आहे. मात्र रॉकच्या याद्यांत याला मागे ढकलतात, ते मला बिलकूल पटत नाही.

वेल्वेट अंडरग्राउंड. हा अवघड आहे, आणि तो निघाला तेव्हा फारसा खपलाही नाही. चित्रकार अँडी वॉरहॉलचं केळ्याचं चित्र असलेलं कव्हर. पहिल्या प्रतींवर त्या केळ्याची साल खरोखर सोलता यायची. आत जॉन केल व्हायोला वाजवतो, त्यावर एकच सूर मिनिटामागून मिनिट धरून ठेवतो. हा माणूस याआधी न्यूयॉर्कमध्ये ला मॉन्ट यंग यांच्यासोबत तासन्‌तास अखंड स्वर वाजवायचा. बँडचा गायक-गिटारवादक लू रीडने ‘व्हीनस इन फर्स’साठी गिटारच्या सगळ्या तारा एकाच सुराला लावल्या होत्या. म्हणजे हा तंबोराच झाला. फक्त आपला तंबोरा मन स्थिर करतो आणि यांचा अस्वस्थ करतो. ‘हेरॉइन’ हे गाणं व्यसनाबद्दल आहे, आडपडदा न ठेवता. दोनच कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर), आणि लय चढते, उतरते, पुन्हा चढते. वाद्यांच्या गोंगाटाकडे दुर्लक्ष करून फक्त लय धरा. तिसऱ्या खेपेला मला हा अल्बम उलगडला.

हेंड्रिक्स. गिटार गाते, बोलते, किंचाळते. तारेवरचा फीडबॅक, म्हणजे स्पीकर आणि गिटार यांच्यातून उठणारा शिट्टीसारखा आवाज, बहुतेक लोक टाळायचे. त्याने तोच सूर म्हणून वापरला. काब्रांची सरकती मींड कानात ताजी असेल तर या अल्बममधल्या तारा ओढण्याकडे तुमचं लक्ष आपोआप जाईल.

सार्जंट पेपर. नोव्हेंबर १९६६ ते एप्रिल १९६७ एवढा काळ लंडनच्या ॲबे रोडवर, चार ट्रॅकच्या यंत्रावर हे सगळं झालं. चार ट्रॅक भरले की ते एका ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या जागेत पुढचं वाजवायचं. ‘अ डे इन द लाइफ’च्या शेवटचा पियानोचा ठोका चाळीस सेकंदांहून जास्त विरत राहतो. तो पुरता जिरेपर्यंत हलू नका. मूळ ब्रिटिश रेकॉर्डवर त्यानंतरही काही आहे: कुत्र्यालाच ऐकू येईल असा बारीक सूर, आणि सर्वांत आतल्या गोल खाचेत कोरलेली अर्थहीन बडबड. आपोआप न थांबणाऱ्या प्लेयरवर ती सुई उचलेपर्यंत फिरत राहायची.

कव्हरवरच्या गर्दीत परमहंस योगानंद, लाहिरी महाशय, श्रीयुक्तेश्वर आणि बाबाजी हे भारतीय योगी शोधा. महात्मा गांधीही त्यात उभे करायचे होते, पण भारतात याचा रोष होईल या धास्तीने बीटल्सची रेकॉर्ड कंपनी ईएमआय हिच्या प्रमुखांनी ते काढायला लावले.

पायपर. त्याच इमारतीत, त्याच महिन्यांत हा अल्बम घडला. निर्माता नॉर्मन स्मिथ आधी बीटल्सचाच ध्वनी अभियंता. नंतरचा पिंक फ्लॉइड तुम्ही ऐकला असेल तर तो विसरून जा. हा गायक-गीतकार सिड बॅरेटचा फ्लॉइड आहे, मुलांच्या गोष्टी आणि अवकाश एकत्र कालवणारा. ‘बाइक’ हे शेवटचं गाणं बालगीतासारखं सुरू होतं आणि घड्याळांच्या खोलीत जाऊन संपतं.

## ७. रेकॉर्डच घ्यायची असेल तर

आधी सातही अल्बम ॲपवर ऐका. ज्यांच्याकडे तुम्ही पुन्हा पुन्हा परतता अशा एक-दोनच रेकॉर्ड घ्या.

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. नव्या छापाच्या रेकॉर्ड आता मुख्यतः ऑनलाइन. जुन्यांसाठी मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट, पुण्यात जुना बाजार. त्या काळच्या भारतीय प्रती कोलकात्याजवळ दमदमच्या कारखान्यात दाबल्या जायच्या, लेबलवर तसा उल्लेख असतो. त्या हलक्या समजू नका. नीट जपलेली दमदमची प्रत छान वाजते.

मी पहिली रेकॉर्ड घेतली ती ‘पेपर’ची. कव्हर पाहून हरखलो, पैसे दिले, घरी आलो, सुई टेकवली आणि बँडबाजाच्या धुना वाजू लागल्या. आत दुसरीच तबकडी होती. परत गेलो तर विक्रेत्याने हात वर केले. तेव्हापासून दुकानातच हे करतो, तुम्हीही करा:

1. तबकडी बाहेर काढा. लेबलवरचं नाव कव्हरशी जुळतंय का बघा. लेबलच्या बाहेरच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला क्रमांक लेबलवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा.
2. दिव्याखाली तिरकी धरा. वरवरचे केसासारखे ओरखडे चालतात. नखाला अडणारा ओरखडा असेल तर नको.
3. मधल्या भोकाभोवती बारीक पांढरट रेघांचं जाळं असेल तर ती खूप वेळा लावलेली आहे.
4. डोळ्यांच्या रेषेत आडवी धरा. वाकलेली असेल तर ठेवून द्या. घरी वजन ठेवून सरळ करू, असं मनात आणू नका.

प्लेयरबद्दल. सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेयर मोहात पाडतात. त्यांची सुई पाच ग्रॅमच्या आसपास दाबते, तर चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) दीड ते अडीच ग्रॅम पुरतात. जुन्या रेकॉर्डवर तो जास्तीचा भार दर खेपेला थोडा आवाज खरवडून नेतो. आमच्या घरच्या जुन्या प्लेयरच्या दांडीवर चार आण्याचं नाणं ठेवलेलं असायचं, सुई उडू नये म्हणून. त्या नाण्याखाली वाजलेल्या रेकॉर्ड आज मी लावतो तेव्हा वरचे सूर घासलेले ऐकू येतात. वडिलांच्या आवडीच्या रेकॉर्ड सगळ्यात जास्त घासलेल्या आहेत.

घरी जुना मोनो प्लेयर असेल तर त्यावर स्टिरिओ रेकॉर्ड लावू नका. त्याची सुई खालीवर लवचीकपणे हलत नाही आणि स्टिरिओ खाच कायमची बिघडते. उलट चालतं: स्टिरिओ प्लेयरवर मोनो एलपी बेलाशक लावा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तव्यांची सुई मात्र एलपीला कधीच नाही. ती जाड असते.

साफ करायला डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ मायक्रोफायबर फडकं, खाचेच्या दिशेने, गोल. लेबलला पाणी लागू देऊ नका. नळाचं पाणी नको, त्यातला क्षार खाचेत बसतो. लाखेच्या ७८ तव्यांना स्पिरिट चुकूनही लावू नका, तवा विरघळतो.

## ८. वहीत काय लिहायचं

मोठं परीक्षण लिहू नका. प्रत्येक बाजूनंतर तीन ओळी: कुठली आवृत्ती ऐकली (मोनो की स्टिरिओ, कुठल्या देशाची), बाजू कशाने सुरू झाली आणि कशाने संपली, आणि एक असा क्षण की जो परत ऐकावासा वाटला, मिनिट-सेकंदासह. माझ्या वहीत ‘हेरॉइन’समोर पहिल्या खेपेला ‘बंद केलं’ एवढंच आहे. तिसऱ्या खेपेला पान भरलंय.

## ९. सात झाल्यावर

दुसऱ्या फेरीसाठी माझी निवड: व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन आणि रविशंकर यांचा ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ (याला चेंबर संगीताचं ग्रॅमी मिळालं), कॅलिफोर्नियातल्या जूनमधल्या माँटेरे महोत्सवातलं रविशंकर आणि अल्लारखा यांचं वादन, लव्ह या बँडचा ‘फॉरएव्हर चेंजेस’, क्रीमचा ‘डिझ्रेली गिअर्स’, आणि डिसेंबरअखेरचे दोन शांत अल्बम: बॉब डिलनचा ‘जॉन वेस्ली हार्डिंग’ आणि लिओनार्ड कोहेनचा पहिला. वर्षभराच्या गलबल्यानंतर हे शेवटचे दोन रात्री, कमी आवाजात लावा.

आणि १९६८ कडे जायचं असेल तर पुन्हा मुंबईतूनच जाता येतं. त्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसन फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल म्युझिक’साठी आला होता. बासरीवर एस. आर. केंकरे होते, तारशहनाईवर विनायक व्होरा, आणि संतुरावर शिवकुमार शर्मा. पहिल्या आठवड्यात अहिर भैरवात ऐकलेले तेच हात. ते ओळखू येतात का, बघा.